लाल दिवा म्हणजे बंद

२ एप्रिल २०१७, पेडणे

समस्त मूक बंधूंनो! कोणीही येतो आणि तुम्हाला अंगठ्याने पळवतो. उड्या मारायला लावतो, खड्ड्यात पाडतो, पुन्हा उभा करतो. पण तुमचं मत आजवर कोणी विचारलं आहे का? तुमच्या तोंडून एक शब्द तरी कोणी येऊ दिला आहे का? हा अन्याय मी सहन करणार नाही!

(इथे टाळ्यांसाठी थांबलो. वहीत टाळ्या येत नाहीत. सवय.)

कारण असं. आज बहिणीची मुलगी प्रिया आली होती. फोंड्याला चार-पाच पोरं मिळून मोबाईलवरचे गेम बनवतात, त्यांत ती आहे. नवा गेम ‘कंदील’. एक माणूस संध्याकाळी गावभर फिरून दिवे लावतो. वाटेत खेकडे, साप, उघड्या विहिरी. सगळे दिवे लागले की तो घरी येतो, दार ढकलतो, लेव्हल संपते. माणसाला तोंडच काढलेलं नाही. ज्यांना खेळून बघायला दिलं त्यांनी कळवलं की नायक भिंतीसारखा वाटतो. म्हणून त्याला आवाज द्यायचा. प्रिया म्हणाली, मामा, तुझा आवाज हवा. थोडंच. एखादा शब्द, एखादा उसासा.

पोरगी संकोची आहे. त्यांना काय हवंय ते मला कळलं. संपूर्ण व्यक्तिमत्त्व हवंय.

गेम गोव्याच्या घटकराज्य दिनाला, ३० मे रोजी बाहेर येणार. वेळ भरपूर.

५ एप्रिल

नायकाचं चरित्र लिहून झालं. नाव शिवदास. वय माझ्याएवढं. अफाट वाचन. कोणाला भीत नाही. बायको नाही. विचारांचा माणूस असल्यामुळे त्याला एकटं राहणं जमतं.

प्रत्येक लेव्हलला एक भाषण. पहिलं ‘उजेड म्हणजे काय’. दुसरं ‘गावाचं कर्तव्य’.

फोनवर प्रिया म्हणाली, गावचा साधा माणूस आहे, कोकणीतच उलोवं दे. मी तिला सत्याऐंशी साल सांगितलं. राजभाषा कोकणी की मराठी, या वादाच्या त्या दिवसांत पेडण्याच्या बाजारात मराठीसाठी मी उभा राहिलो, वीज गेली, माईक बंद पडला, तरी बोलत राहिलो. लोक पांगले ते अंधारामुळे. आमचे आजे मराठी पोथ्या वाचत, आम्ही नाटकं मराठीत केली, देवाला गाऱ्हाणं... ते असो. शिवदास मराठीतच बोलेल.

मी घरातसुद्धा मराठीच बोलत आलो. बायको, विनोदिनी, शेवटपर्यंत कोकणी बोलली, मी शेवटपर्यंत मराठीत उत्तरं दिली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात भाषेचा प्रश्न उरलेला नाही.

१० एप्रिल

जनेलाशी (शुद्ध शब्द : खिडकीशी) बसून तिसरं भाषण लिहिलं. शेजारची आनंदी कुंपणापलीकडून विचारत होती, गोकुळदासबाब, सांजेचें कोण येता तुमगेर? उलोवप आयकूं येता. मी मराठीत खुलासा केला की कोणी येत नाही, बोलणं ऐकू येतं ती माझी रिहर्सल असते. ती म्हणाली, सकाळची बोंब ती रिहर्सल, तें म्हाका खबर आसा. सांजेचें वेगळें. हळू असतं.

म्हातारी झाली. कान वाजत असतील.

१६ एप्रिल

फोंड्याला गेलो. ऑफिस म्हणजे एका औषधांच्या दुकानावरची खोली. आवाजाचं बघतो तो सर्वेश. केस लांब, गळ्यात हेडफोन. मला अंकल म्हणाला. सोडून दिलं.

मी सांगितलं, तू खेळ, मी प्रत्यक्ष बोलून दाखवतो. ‘उजेड म्हणजे काय’ सुरू केलं. भाषण चालू असताना नायकाने हलणं बरं नाही, म्हणून त्याला थांबवून ठेवायला सांगितलं. प्रस्तावना संपत आली तोच खेकडा आला आणि शिवदास मेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खेकडा. तिसऱ्या वेळी मी प्रस्तावना गाळली, तरी ‘उजेड’ या शब्दापर्यंतच पोचलो. सर्वेश म्हणाला, अंकल, कुर्लेक तुमचें भाषण पटना. सगळी खोली हसली. प्रियासुद्धा.

वक्ता बोलत असताना चावणं सभाशिस्तीत बसत नाही. खेकडा काढून टाकावा असा ठराव मांडला. अनुमोदन मिळालं नाही.

बसने परत. शेजारची सीट रिकामी होती, तिला मुद्दा नीट समजावून सांगितला.

१७ एप्रिल

संकल्प : यापुढे थोडकंच बोलायचं. थोडकं बोलण्याचं महत्त्व या विषयावर शिवदासचं एक भाषण घालायचं.

२० एप्रिल

प्रियाने घरी रेकॉर्डर आणून दिला. म्हणाली, तुला रोज फोंड्याला यायला नको, घरीच बोल. काडेपेटीएवढं यंत्र. वायर लावून सालात (शुद्ध : दिवाणखान्यात) कपाटावर ठेवलं. बटणाचं काहीतरी सांगायला लागली. मी हात वर करून थांबवलं. चाळीस वर्षं लाऊडस्पीकर सर्व्हिस चालवली आहे मी. तालुक्यात सभा असो, जत्रा असो, लग्न असो, माईक माझा. आणि प्रत्येक ठिकाणी दोन शब्द बोलायचा आग्रह मलाच होत असे. काही आयोजक भाडं ठरवतानाच विचारत, हे भाषण धरून की भाषण सोडून? विनोदी लोक होते.

या यंत्राचं बटण सोपं आहे. दाबलं की लाल दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. लाल म्हणजे बंद. रस्त्यावरच्या सिग्नलपासून सगळीकडे लाल म्हणजे थांब. ती गेल्यावर बटण दाबून पाहिलं. लाल. म्हणजे बंद केलं. तसंच ठेवून दिलं.

२१ एप्रिल, सकाळ

दिवा विझवून पहिलं भाषण रेकॉर्ड केलं. आवाज काय लागला! संपल्यावर बटण दाबलं, लाल दिवा लागला, यंत्र बंद.

२५ एप्रिल

चौथं भाषण. ‘साप आणि लोकशाही’. एक वाक्य इतकं चांगलं साधलं की बोलता बोलता पाठीमागे वळून बघितलं. विनोदिनीची कदेल. खुर्ची.

सांजेला पोदेराकडून (शुद्ध : पाववाल्याकडून) उंडे आणले. नेहमीप्रमाणे दोन जास्तच आले. माणूस हिशेब विसरतो.

१ मे

उंबऱ्याला पायाची करंगळी आपटली. मोडलेली नाही. भाषण बसून केलं. वक्त्याने बसून बोलू नये, पण शिवदासलाही कधीतरी करंगळी लागली असेल. त्याने व्यक्तिमत्त्वाला खोली येते.

८ मे

शेवटचं भाषण संपलं. त्यात मी, म्हणजे शिवदास, मूक राहणाऱ्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. माझं स्वतःचं मन भरून आलं. इतक्या वर्षांत हे पहिलं भाषण, जे अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचणार आहे. फोन सगळ्यांकडे असतो. मध्येच उठून जाता येत नाही.

प्रिया येऊन यंत्र घेऊन गेली. ते नेल्यावर कपाटावर चौकोनी रिकामी जागा उरली. उगाच मोठी वाटते.

९ मे

फोन नाही. ऐकत असतील.

११ मे

फोन नाही. पुन्हा ऐकत असतील.

१३ मे, दुपार

प्रियाचा फोन. रेकॉर्डरवर एकही भाषण नाही. एकही नाही! लाल दिवा लागला की यंत्र चालू, विझला की बंद. असली उलटी यंत्रं कोण बनवतं? त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायला हवं.

मी विचारलं, मग त्यात आहे तरी काय? म्हणाली, बाकीचं सगळं आहे, मामा. तू खोकतोस. करंगळी आपटते तेव्हा आवय गे म्हणतोस. दार उघडतं, पिशवी ठेवल्याचा आवाज येतो. आणि रोज सांजेला तू घरात शिरताना म्हणतोस, आयलों गे.

मी म्हटलं, शक्य नाही. मी असं बोलत नाही. हे कोकणी आहे.

ती म्हणाली, रोज म्हणतोस. मग थोडा वेळ काही नाही. मग म्हणतोस, उंडे हाडल्यात. आणि कधी कधी, खंय आसा गे? (शुद्ध : कुठे आहेस गं?)

मग तिने विचारलं, मामा, तूं कोणाकडे उलयतालो?

मी सांगितलं, माईक टेस्टिंग.

त्यावर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. लाईन खराब असावी.

१४ मे

त्यांना तेच हवं आहे. सगळ्या टीमने बसून ऐकलं म्हणे. सर्वेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हाच तो माणूस. प्रिया परवानगी मागते. मी नकार दिला. चरित्र, तत्त्वज्ञान, वक्तृत्व, सगळं बाजूला ठेवून माझी खोकल्याची फाइल जगापुढे मांडणार? तीही कोकणीत? सत्याऐंशी सालचे सहकारी काय म्हणतील?

१५ मे

सहकारी आठवून पाहिले. कोणी म्हणेल असं उरलेलं नाही.

१८ मे

आनंदीला सहज विचारलं, मी सांजेला घरात शिरताना काही बोलतो का? म्हणाली, सगळो वाडो जाणा. तुमी आयलों म्हणलें की आमी दिवो लायतांव. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, बाब, लग्न जालें तेन्नासून. तेन्ना भितरसून जाप येताली.

आतून उत्तर यायचं, म्हणते.

२० मे

परवानगी दिली. अट घातली की नायकाचं नाव शिवदास राहील. प्रिया म्हणाली, मामा, गेममध्ये त्याला नावच नाही. मग दुसरी अट घातली की खेकडा काढावा. तीही मान्य झाली नाही. बिनशर्त परवानगी दिली, स्वेच्छेने.

३० मे

घटकराज्य दिन. गेम बाहेर आला. माझं भाषण तयार होतं, कार्यक्रमच नव्हता. प्रियाने फोनवर कसं उघडायचं ते समजावलं. या वेळी बटणाचं सगळं ऐकून घेतलं.

खेळलो. माझा अंगठा जाड, त्याला सारखा विहिरीत पाडतो. खेकडा चावला की तो म्हणतो, आवय गे. माझाच आवाज, पण भाषणातला नव्हे. तो मी कधी ऐकलाच नव्हता. बारीक आहे. खेळणाऱ्याने बोट लावलं नाही, तर तो वाटेवर उभा राहून थोड्या वेळाने म्हणतो, खंय आसा गे?

मी घाईघाईने बोट लावलं.

५ जून

लोक खेळतात. प्रियाने वाचून दाखवलं. एकाने लिहिलंय की दिवे न लावताच त्याला घरी नेतो, दार ढकलतानाचे ते दोन शब्द, ‘आयलों गे’, ऐकायला. कोणी विचारतं, घरात कोण आहे? माझ्या वाणीला मिळालेली ही पहिलीच दाद. एकूण शब्द दोन.

टीमला वाटतंय की आतून कोणीतरी उत्तर द्यावं. काय उत्तर ते मी सांगायचं. एक दिवसाची मुदत मागितली.

६ जून, सांज

उत्तर लिहायला बसलो. चार ओळींची प्रस्तावना झाली, ती खोडली. विनोदिनी काय म्हणायची? पांय धुवून भितर यो. एवढंच. रोज तेच. मी त्यावर काय उत्तर देत असे आणि कोणत्या भाषेत, हे मी या वहीत आधी लिहिलं आहे. ते खोटं असावं. पाय धूत असे, बस्स.

फोन करून सांगितलं, उत्तर नको. दुसऱ्या कोणाच्या आवाजात नको. आत शांतताच असू दे. प्रिया म्हणाली, बरें मामा. रविवारी येतां, असंही म्हणाली. मी म्हटलं, कामं असतील तर येऊ नको. ती म्हणाली, येतां.

मग उंडे आणायला गेलो. येताना ठरवलं, आज दार उघडताना तोंड मिटून घ्यायचं. बघू या, माणसाचा स्वतःवर किती ताबा आहे ते. उंबरा ओलांडला. बोललो नाही. घर तसंच, कदेल तशीच, पण दुसऱ्याच कोणाच्या घरात शिरल्यासारखं झालं. आनंदीच्या खिडकीत दिवा लागेना. पिशवी घेऊन उभाच राहिलो.

शेवटी जनेलाशी बसून गेम उघडला. तो वाटेवर उभा आहे, हातात कंदील, तोंड नाही.

मूक बंधो! आज भाषण नाही. दिवे राहू देत, खेकडा राहू दे. माझ्या तोंडून ते दोन शब्द आता निघत नाहीत, म्हणून तुझ्याकडे एकच मागणी करतो. घरी चल, आणि ते दार ढकल.