पालथं बटण

लाउथ, १४ मार्च

प्रिय विल्फ,

सकाळी वाफ्यांतलं तण काढलं. दुपारी तुझ्या जुनी बटणं जमवणाऱ्यांच्या मंडळातले डेस्मंड पास्क तुझ्या संग्रहातल्या बटणांची यादी करायला आले. तुला जाऊन तीन महिने झाले, आता ते काम टाळता येईना.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. बीटच्या शेतात तुला सापडलेलं तोफखान्याचं जुनं बटण मी तुझ्या वाढदिवशी, तुला खूश करायला, पितळेच्या पॉलिशने घासलं. दोनशे वर्षं टिकलेला सोन्याचा मुलामा फडक्यावर आला. घाबरून मी ते खणात पालथं ठेवलं. तू नेहमी आधी पाठीवरचं कारखान्याचं नाव वाचायचास, म्हणून वाटलं, खपून जाईल. बाकी सगळी बटणं सुलटी आणि हे एकटं एकोणीस वर्षं पालथं.

पास्कनी नेमकं तेच उचललं. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला.

"हं, हेच ते," ते हसले. "हेस्टर, यावरून आम्ही त्याला फार पिडलं. 'गाढवा, फेकून दे की,' म्हणायचो. तर म्हणायचा, 'बायकोने हौसेने घासलंय. आणि पालथंच ठेवा रे. तिला वाटतं, मला माहीत नाही.'"

मी बराच वेळ बशी पुसत राहिले. तू गेल्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ते बटण त्यांनी यादीत धरलं नाही. ते गेल्यावर मी सिंकखालून पॉलिशचा डबा काढला, बटण पुन्हा एकदा नीट घासलं आणि खणात सुलटं ठेवलं.

तुझी,
हेस्टर