शकूसाठी जीपमधला स्पीकर

१० नोव्हेंबर १९८६, लवळे
आज जीपच्या फेऱ्या बंद. शकूला घेऊन पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे. क्षयाची इंजेक्शनं पावसाळा सरता सरता संपली, छातीचा फोटो साफ आला. कान मात्र गेले. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनीच तुमच्या बायकोच्या कानाची नस सुकली, कुणाकुणाला होतं तसं. परत यायची नाही. मशीन लावून उपयोग नाही. जाड आवाज थोडेफार शिल्लक आहेत, तेही किती टिकतील सांगता येत नाही.
ती शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हन्लं?" मी हातानेच सांगितलं, बघू. तिनं माझा चेहरा वाचला.

१३ नोव्हेंबर
पौडच्या फेरीला शकू पुढं बसली होती. म्हणाली, माझी कॅसेट लावा. गेल्या जयंतीला विहारापुढं ती गायली, ते तिच्या भावानं टेप केलंय. तेव्हा आजाराचं काही नव्हतं. सगळी लवळ्याची माणसं उठून उभी राहिली होती.
कॅसेट लावली, आवाज पूर्ण सोडला. मागचे पॅसेंजर कुरकुरायला लागले. शकू टेपकडे बघत म्हणाली, "लावताय नव्हं?"
लागलेलीच होती.

१६ नोव्हेंबर
जाड आवाज शिल्लक आहेत म्हणतात, तर जाड आवाजाचा स्पीकर हवा. जीपच्या दारातले छोटे काही कामाचे नाहीत. रविवारचा जुना बाजार पालथा घातला. बारा इंची मिळाला, मागे ८ ओहम, म्हणजे विजेला अडथळा किती त्याचा आकडा, लिहिलेलं. पौडचा विष्णू रेडिओवाला, त्याच्याकडे एक जुना अँप्लिफायर पडून होता, तो घेतला. त्यावर ४ ओहम.
आई म्हणाली, हे कशाला? सांगितलं, शकूला.

२३ नोव्हेंबर
सुताराकडून प्लायचं खोकं करून घेतलं. मागच्या सीटखाली बसवलं, बॅटरीवरून वायर ओढली. वाजतंय, पण दम नाही. विष्णूचं म्हणणं, अँप्लिफायर चार ओहमचा आहे, आठ लावलंस की निम्मीच ताकद येणार. चारचं गणित जमव.
शकू खोक्यावर हात ठेवून बसली. काहीच येत नाही म्हणाली.

३० नोव्हेंबर
बाजारात आज दुसरा मिळाला, पण ४ ओहमचा. दोन्ही एकत्र जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस. कागदावर दोघांचा मिळून हिशेब तीन ओहमच्याही खाली येत होता, म्हणजे अँप्लिफायरवर भार जास्त. विष्णूला विचारलं. म्हणाला, चालून जाईल.
गाडी सुरू करून कॅसेट लावली. खोकं असं हादरलं की शकूनं मान वर केली. "आलं," म्हणाली. हसली. आजारानंतर अशी हसलेली पहिल्यांदाच बघितली. आणि तेवढ्यात जळका वास. अँप्लिफायर गेला.
तिला वास आला नाही की तिनं दाखवलं नाही. हात तसाच. "गानं संपलं का?"

१४ डिसेंबर
अँप. अजून विष्णूकडेच. पुण्याहून पार्ट यायचाय. चूक त्याची म्हणावी तर जोडला मीच.
परवापर्यंत कानाशी ओरडलं की एखादा शब्द कळायचा. आता तेही नाही. तोल पण जातो. काल तिन्हीसांजेला विहिरीवरून येताना बांधावर पडली. हंडा सुटला, खांदा खरचटला. आई हळद लावताना मला म्हणाली, "त्या खोक्याच्या नादात हाईस, तिला धरून आनायला जात जा की." बरोबर बोलली.

४ जानेवारी १९८७
पहिल्यासारखाच ८ ओहमचा आणखी एक मिळाला. आठ आणि आठ असे एकत्र जोडले की निम्मे, म्हणजे चार. अँप. पण दुरुस्त झाला. सगळं जोडलं, आणि आवाज आधीपेक्षा पोकळ. डोकंच चालेना.

५ जानेवारी
कळलं. स्पीकरच्या पडद्यांवर बोट ठेवून बघितलं, एक बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. एकाच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. म्हणजे दोघं एकमेकांचा आवाज खात होते. बदलल्या. आता अँप. नुसता कोमट होतो.

१८ जानेवारी
दुपारी खिंडीत गाडी लावली, तिथं कुणी नसतं. शकू मागे बसली, चपला काढून पाय खोक्यावर. कॅसेट लावली. मग बोट हलायला लागलं. ढोलकी.
"गानं न्हाई येत," म्हणाली. "ढोलकी येतीया. पर ढोलकी हाय तर गानं कुटं जातंय?"
कडवं कुठं सुरू होतं ते तिला ठाऊकच. बरोबर तिथं तिनं तोंड उघडलं आणि गायली.
ठेका चुकला नाही. सूर मात्र... टेपमधली शकू एकीकडे, ही एकीकडे. मध्येच आवाज नुसताच वर चढायचा, फाटायचा. मला वाटलं बंद करावं. केलं नाही. शेवटपर्यंत गायली, घाम पुसला, विचारलं, "जुळलं का?"
मी मान हलवली. हो अशी.

१५ फेब्रुवारी
रोज फेऱ्या संपल्या की गाडीत बसते. गाडी अंगणात, त्यामुळे सगळी आळी ऐकते. आई तेवढ्या वेळात कुठंतरी निघून जाते. शकू जेवायला लागली, अंग धरलंय. आवाज दिवसेंदिवस जास्तच...
एकदा लिहून सांगावं असं वाटलं. पाटी घेतली, खाली ठेवली.

२२ मार्च
चंद्रभागामावशी आल्या होत्या. विहारातल्या बायकांचं सगळं त्याच बघतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, यंदा जयंतीला आळीतल्या धाकट्या सुनीताला गायला सांगितलंय. "शकूला आमी कोन्त्या तोंडानं सांगायचं? तुमी तिचं मालक, तुमी सांगा. लोकं हसली तर तिला दिसंल की."
शकू चहा घेऊन आली. माझ्या ओठांकडे बघायला लागली, म्हणून मान खाली घालून बोललो. सांगतो म्हणालो.
मावशी गेल्यावर शकूनं विचारलं, कशाला आल्या होत्या? मी पाटीवर लिहिलं, जयंतीचं ठरवायला. खूश झाली.

५ एप्रिल
पांढरी साडी धुऊन वाळत घातली होती. म्हणाली, गाडी मंडपाला पाठीमागून लावा, मी कडेला बसन, पाय खोक्याला टेकवीन, मग ढोलकीवाल्याकडं बगायची गरज न्हाई. सगळं ठरवून ठेवलंय तिनं.
आज सांगायचंच म्हणून तिला समोर बसवलं. पाटी घेतली. "शकू" एवढं लिहिलं. ती वाट बघत राहिली. मग तिनंच माझ्या हातातून पाटी घेतली, पुसली आणि कोनाड्यात ठेवून दिली. तिला कळलं की नाही, मला कळत नाही.
दुपारचं जेवण झाल्यावर रोजच्यासारखी गाडीत जाऊन बसली.
संध्याकाळी मावशी वाटेत भेटल्या. सांगितलं का? म्हटलं, उद्या. तसाच पुढं विहाराकडे गेलो आणि गाडी मंडपाला कुठून लावता येईल ते बघून आलो.