फोनवरचा ‘येतो’

अमरावती,
२१ ऑक्टोबर २०२२

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम.

आज अकरा दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. शेषरावकाकांचा उचलता, दूधवाल्याचा उचलता, मोबाइल कंपनीच्या बाईशीसुद्धा बोलता म्हणे. फक्त माझाच वाजून वाजून बंद पडतो. म्हणून हे पत्र. तार खात्यात जन्म काढलेला माणूस हातात आलेला कागद न वाचता ठेवणार नाही, एवढा मला भरवसा आहे.

शाळेतल्या मराठीत लिहितोय, कारण आपल्या बोलीत लिहायला घेतलं की भांडल्यासारखं वाटतं, आणि भांडायचं त्राण उरलेलं नाही. मी थकलोय, बाबा. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं म्हणून पायल दोन महिने अकोल्यालाच आहे. कॉलेजात तिघांचे तास एकटा घेतोय आणि वरून ते मसुदा तपासायचं काम. तुम्ही एकदा विचारलं होतं, काहून एवढा मरून राहिला त्याच्यासाठी? मी खेकसलो होतो. आता नीट सांगतो.

शेषरावकाकांच्या वावरात आम्ही जमिनीतली ओल मोजणारं एक डबडं पुरलंय, ते तुम्ही पाहिलंय. पाऊस हा असा नको तेव्हा कोसळतो, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात. ओल वेळेवर कळली तर माणूस निदान काही तरी हालचाल करेल. ते डबडं एकाच बॅटरीवर वर्षानुवर्षं चालवायचं, म्हणजे त्याला फार बोलू देऊन चालत नाही. पण इंटरनेटवर निरोप धाडायचा तर वरचा पत्ताच निरोपाच्या चौपट होतो. यावरचा उपाय तुमच्याच खात्यातला आहे बघा. शुभेच्छांच्या तारेत तुम्ही अख्खं वाक्य कुठं पाठवायचा? वाक्याचा नंबर पाठवायचा. पलीकडच्या तारबाबूकडे तीच यादी असायची, तो नंबर बघून वाक्य लिहायचा. इथेही दोन्ही टोकांना पत्ता भरायच्या नियमांची एकच यादी असते आणि मधून नुसता नियमाचा नंबर जातो. ही यादी कशी मांडली म्हणजे कोणत्याही कंपनीचं यंत्र ती सारखीच वाचेल, याचा साऱ्या जगासाठी एक मसुदा तयार होतोय. तो तपासणाऱ्यांत मी एक.

त्यात एका जागी लांबी आठ लिहिलीय आणि आठ काय, ते लिहिलंच नाही. एक जण आठ बिट धरेल, दुसरा आठ बाइट, म्हणजे थेट आठपट. दोघंही प्रामाणिक, आणि काकांच्या वावरातला आकडा मात्र भलताच. मी तीनदा कळवलं की बाबांनो, एकक लिहा. उत्तर आलं, वाचणाऱ्याला संदर्भावरून कळेल. कळेल, डोंबलाचं! अकोल्याच्या ऑफिसात तुमच्या जोडीदारानं जुनी यादी उघडली आणि लग्नघरी परीक्षा पास झाल्याचं अभिनंदन गेलं, हा किस्सा तुम्ही सांगायला लागलात की आई पोट धरून हसायची.

आई गेल्यापासून आपलंही बोलणं नंबरांवरच आलंय. जेवले का, हो. गोळी घेतली का, हो. ठीक हाये, ठीक हाये. तुमच्या एका ‘हूं’चं आई मला पानभर करून सांगायची. मला तुमचं ‘ठीक’ खरंच उलगडत नाही.

त्या रविवारी फोनवर शेवटी तुम्ही म्हणालात, ‘येतो मंग.’ मी ‘हो’ म्हणालो आणि फोन ठेवला. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ कधी म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो. तोच अर्थ मी धरला. काल शेषरावकाकांनी सांगितलं, तेव्हा कळलं की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी तुम्ही दर्यापूरहून गाडीत बसलात, हातात पिशवी आणि काखेत स्वतःची उशी. म्हणजे दोन दिवसांसाठी नव्हता येत. साडेअकरापासून अडीचपर्यंत अमरावतीच्या स्टँडवर उभे होतात, कारण दर वेळी मीच घ्यायला येतो. मग परतीच्या गाडीत बसलात. रिक्षानं घरी येता आलं असतं, फोन करता आला असता. तुम्ही केला नाही. तुमच्या जागी मीही केला नसता.

इथवर लिहिलं, वाचून पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली. मसुद्याचं एवढं पुराण लावून मी तुम्हाला पटवत होतो की चूक शब्दाची होती. बाबा, फोनवर कोणी ‘येतो’ म्हणून निरोप घेत नाही. फोनवर आपण ‘ठेवतो’ म्हणतो. तुम्ही तर दर वेळी ‘ठेवतो रे’ म्हणता. तुम्ही येताय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सोमवारी मुद्दाम संगणक उघडून बसलो. साडेअकराला, तुमच्या नेहमीच्या गाडीच्या वेळेला, घड्याळ पाहिलं, साडेबाराला पाहिलं. स्टँड दहा मिनिटांवर. पण मला त्या दिवशी घरात कोणीच नको होतं, तुम्हीसुद्धा नाही. हे तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून लिहिलं. पुढच्या रविवारी सकाळी मी तुम्हाला घ्यायला दर्यापूरला येतोय. तीन तास दार उघडलं नाहीत, तरी पायरीवर बसून राहीन.

तुमचाच,
ललित