खुर्चीतली सावली

चिमणे,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी तुझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ओरडू नकोस, काही मोडलेलं नाही. आजोबांच्या खुर्चीमागे तू स्टुलावर ठेवलेला तो छोटा फ्लॅश लख्खकन उजळला आणि समोरच्या भिंतीवर खुर्चीची सावली पडली. त्या सावलीत तुझे आजोबा बसले होते. मान डावीकडे कललेली, रेडिओ ऐकताना कलायची तशी. फोटो कॅमेऱ्यात आहे, बघ.

आता म्हणशील, आजीने पुन्हा पुडी सोडली. विहिरीतली बाई मी रचलेली होती, जिन्यावरचा म्हातारासुद्धा. हे रचलेलं नाही. फ्लॅश आणि भिंतीच्या मध्ये जे असेल त्याचीच सावली पडते, हे तूच मला शिकवलंस ना?

तुझ्या बापाने संध्याकाळी जुनं सामान नेणाऱ्याला बोलावलंय. खुर्ची देऊ नकोस. बापाने ऐकलं नाही तर त्याला फोटो दाखव. लहानपणी माझ्या भुतांना सगळ्यात जास्त तोच घाबरायचा.

मी आजोबांचा कोट आणि टोपी खुर्चीवर चढवली असेल, असं तुला वाटेल. कपाटात शोधत बसू नकोस. बाहेर गारठा आहे म्हणून दोन्ही अंगावर घालून मी माझ्या धाकट्या बहिणीकडे चालले आहे. गॅसवर दूध आहे, तेवढं बघ.

आणि दुसरा फोटो काढायचा असेल तर आधी त्यांना सांग. मघाशी दचकले बिचारे.

आजी