तिच्या तोंडचे शब्द

कल्याण, मार्गशीर्ष वद्य पंचमी

चिरंजीव त्र्यंबकराव यांस रघुनाथाचे आशीर्वाद.

तुमची अक्का गेल्यापासून तुम्हांस पत्र नाही, याची क्षमा असावी. (शाई वाळली होती. पाणी घातले तर फिकी झाली, मग दौतच लवंडली.) ठाण्याची हवा मानवते ना? खोकला कसा आहे? गळ्याला फडके बांधीत जा.

आमचे शेजारी गुरुदत्त मास्तर तुम्हांस ठाऊक आहेतच. परका शब्द आपल्या तोंडात शिरताना कुठे अडतो आणि तोंड त्याला कशी वाट करून देते, याचे त्यांनी नियम बसविले आहेत. स्टेशनाचे ठेसन, ग्लासाचा गिलास, सगळे नियमानेच होते म्हणतात. त्या नियमांच्या परीक्षेला इंग्रजीचा वारा न लागलेले तोंड हवे, म्हणून तुमची अक्का. मास्तर ओसरीवरून नवा शब्द टाकीत, ती स्वयंपाकघराच्या दारातून तो म्हणे, आणि मास्तरांनी पाटीवर आधीच लिहिलेले तेच निघे. "आधीच लिहून ठेवता, मग मला कशाला विचारता? भाकरी करपली माझी!" असे ती करवादे.

ती गेल्यावर मास्तर समाचाराला आले. मी विचारले, "स्क्रू हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. काय म्हणाली असती?" मास्तर म्हणाले, "इस्कुरू." त्र्यंबकराव, दारातून तीच बोलल्यासारखे वाटले. मी पंच्याने तोंड झाकले.

तेव्हापासून मास्तरांना विचारण्यासाठी रोज ठेसनात शब्द गोळा करायला जातो. परवा शिपायाने हटकले, "आजोबा, जायचंय कुठं?" म्हटले, "कुठे नाही, शब्द हवाय." त्याने मला फाटकाबाहेर पोचवले. (हाताला धरून, आदराने.) ब्रेकाला मास्तर "बिरेक" म्हणाले, मी म्हटले, ती "बिरीक" म्हणाली असती. (नवरा मी की ते?) त्यावरून अबोला झाला. काल मास्तरांनीच अबोला सोडून वर्तमानपत्रातले सांगितले, माणसाचा आवाज साठवणारे यंत्र निघाले आहे, फोनोग्राफ. ती त्याला "फोनूगिराप" म्हणाली असती. यावर आमचे एकमत झाले. आपल्याला उशीरच झाला.

मास्तरांची सोलापुरास बदली झाली आहे. बाकी सर्व क्षेम.

तुमचा मेहुणा,
रघुनाथ

ता. क. शाळाखात्याच्या कचेरीत तुमचे वजन आहे. बदली थांबवा. कारण काहीही लिहा. शेजारचा म्हातारा आजारी आहे म्हणा, ते फारसे खोटे नाही.

आणखी एक. बदली थांबो न थांबो, तुम्हीच या. तुम्ही दोघे एकाच घरात बोलायला शिकलात. इंग्रजी शाळेत जाण्याआधी तुमचेही तोंड तसेच होते. मी शब्द टाकीन, तुम्ही म्हणा. चुकून शुद्ध इंग्रजी निघाले, तर मनाला लावून घेऊ नका. आपण पुन्हा म्हणू. केव्हा येता ते लवकर कळवा.