पायरीवरचं कातडं

अल्जियर्स, वरची गल्ली
१२ नोव्हेंबर

तसादितताई,

सलाम. झोप लागते का, गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल लावतेस का, ते आधी कळव. मी बरी आहे. फोन केला असता, पण तो तुझ्या सुनेच्या हातून तुझ्याकडे येतो, म्हणून लिहिते.

इकडे थंडी पडली. सकाळी कचरा वाहणारी गाढवं उतरतात तेव्हा पायऱ्या ओल्या असतात. काल एक घसरलं. हाकणारा त्यालाच रागावत होता.

इद्दिर शुक्रवारी येतोय. म्हणाला, "आई, मावशीच्या मजल्यावर घर रिकामं झालंय. लिफ्ट आहे, खाली सगळं सपाट आहे. सामान बांधून ठेव." डॉक्टरांचं पत्रकही धाडलंय त्याने, म्हातारपणी चढ वाईट म्हणून. मी मागे वर्तमानपत्रात वाचलं होतं की चढानेच पाय टिकतात. दोन्ही कागद खिडकीत ठेवलेत. माझ्या पायांनी अजून एकही वाचलेला नाही.

ईदला तुझ्याकडे आले होते तेव्हा एक बोलायचं राहिलं. तू चहा आणायला उठलीस आणि घरातल्या बोळातून भिंतीला हात लावून गेलीस. सपाट फरशीवर. याच गल्लीत तू डोक्यावर भाकरीची परात घेऊन माझ्या आधी वर पोचायचीस आणि ओरडायचीस, "अगं ऊर्दिया, गाढव पाठवू का तुला?" सपाटीवर राहायला जाऊन तुला दोनच वर्षं झालीत, ताई. तुझ्या पायांना रोग झाला नाही, त्यांना काम उरलं नाही. मी तेव्हा चहा छान झालाय एवढंच म्हटलं.

बाकी बातमी अशी की वाटेतल्या फेतुमाने तिच्या दारातल्या पायरीवर मेंढीचं कातडं टाकलंय.

तुला सांगायला नको. म्हातारं माणूस चढताना एखाद्या दाराशी थांबायला लागलं की त्या घरचे पायरीवर कातडं टाकतात आणि कोणी काही बोलत नाही. आमच्या ह्यांचं पहिलं कातडं फेतुमाच्याच दारात होतं. दम लवकर लागायला लागला तसं ते खाली नळापाशी आलं. मग अगदी खाली, भाकरीच्या भट्टीच्या दारात. त्याच्या खाली पायरीच नाही. भट्टीवाल्याने ते उचललं, त्या दिवशी माझ्या घरी मयताचं कुसकुस शिजत होतं.

मी फेतुमाला विचारलं, "कुणासाठी गं?"

"मांजरीसाठी."

"मांजरीला एवढं मोठं?"

"म्हातारी आहे. आणि फार गर्विष्ठ."

मी न बसता पुढे गेले. घरी पोचल्यावर कुलूप उघडायच्या आधी उंबऱ्यावर बसले.

ताई, मी तिथे थांबते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला थांबते.

आता बसते. आणि सोमवारपासून नळापाशीही एक आहे.

फेतुमाला उचल म्हणवत नाही. कातडं उचलतात ते कधी, हे तुला माहीत आहे. इद्दिरला दोन्ही दिसतील. बापाला हात देऊन त्यानेच उठवलंय अशा कातड्यांवरून. पण कातडं कुणाचं, हे बसणाऱ्यावरूनच कळतं. म्हणून शुक्रवारी मी खाली गल्लीच्या तोंडाशी, कमानीत जाऊन त्याला भेटणार आहे आणि त्याच्याबरोबर चढणार आहे. गप्पा मारत. दोन्हींवर न बसता. उतरायला सकाळीच निघेन.

वर पोचले, तर सामान बांधलेलं नाही हे तो पाहील आणि परत जाईल. मग तू ये, इथली कातडी तुलाही पुरतील.

बसले, तर शनिवारी तुझ्याकडे येईन. बोळातली एक भिंत माझ्यासाठी सोड.

अजून वरच राहणारी,
तुझी ऊर्दिया