शनिवारचा मासा

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

बोय चौदा, जिताडे दोन. सगळ्यात लांब बोय एकतीस सेंटिमीटर. मोजली, लिहिली, हात धुतले. आई जाऊन आज दहा आठवडे झाले, हे फॉर्मवर तारीख घालताना लक्षात आलं. काही झालं नाही. पुढचा रकाना भरला.

सुमेधा मॅडम खारघरहून आल्या होत्या. टोपली बघून खूश! "दिशा, दीड वर्षापूर्वी हीच बोय वीस-बावीसची यायची. तुझ्या बाबांनी करून दाखवलं बघ." बाबांना सांगितलं. ते जाळ्याकडे बघत म्हणाले, "हां."

सोमवार, २४ नोव्हेंबर

मॅडमना रिपोर्टसाठी साध्या मराठीत चार ओळी हव्या होत्या. दिल्या: 'खाडीच्या आतल्या पट्ट्यात बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं टाकायचं नाही, पिल्लं वाढू द्यायची, असं पाच गावांनी ठरवलं. मोठ्या आसाचं जाळं चालेल. दर शनिवारी प्रत्येक बंदरावर मासा मोजायचा. मासा मोठा झाला तर जानेवारीच्या बैठकीत पट्टा सगळ्या जाळ्यांना खुला, नाहीतर अजून दोन वर्षं बंद.'

पाच गावांना बाबांनीच बसवलं होतं, हे लिहिलं नाही. आमच्या बंदरावर मोजायला मी आहे. नोकरी मॅडमच्या कॉलेजची, टोपली बापाची!

बुधवार, २६ नोव्हेंबर

कालवणात मीठ घालायचं राहिलं. दोघांनी तसंच संपवलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल अष्टमी होती. भांग लागलाय, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. अशा दिवसांत जाळ्याला काही लागत नाही हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तरी बोय तेरा!

हातात घेतली तर गारठलेली. कल्ले फिके, धुतल्यासारखे. आमची होडी बर्फ नेत नाही. कधीच नाही — तासाभराच्या वाटेला बर्फ कशाला? कळलं. टोपलीपाशी उभ्या उभ्या कळलं. बाबा दोरी गुंडाळत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

आणि मी काय केलं? लांबी मोजली. लिहिली. 'ठिकाण — आतला पट्टा.' स्वच्छ अक्षरात.

शनिवार, ६ डिसेंबर

बोय पंधरा. गार. लिहिलं.

बुधवार, १० डिसेंबर

हितेशचा फोन. भाऊ द्रोणागिरीला गोदामात कामाला असतो, महिन्यातून एकदा आमची आठवण येते. "काय गं, बाबा दर शुक्रवारी उरणच्या बाजारात काय करतात? मासळीची पाटी घेऊन फिरत होते. मला बघून दुसरीकडेच वळले."

म्हटलं, मला काय माहीत. सरळ खोटं बोलले. वाईटही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

विचारलं. काल पुन्हा भांग, पुन्हा भरलेली टोपली, आणि मॅडम फोटो काढत होत्या. त्या फोटोमुळे असेल, पण आज चहा ठेवला आणि विचारलं. "बाबा, मासा कुठला?"

त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "इकतचा."

कधीपासून? तर अगदी सुरुवातीपासून! "पैल्या शनवारी जाल्यान दोन बोयटी. मॅडम खारघरशी आलेली. पावनीला रिकामी टोपली कशी दाखवाची? म्हनलो, फुडच्या शनवारी गावल. नाय गावला. बाकीच्या चार बंदरांव मासा हाय नि आपल्याच बंदरान नाय, असा कसा सांगाचा? लोकांना मीच बसवला ना! तवा तुजी आय म्हनली, झाकली मूठ ऱ्हाऊ दे, मी आनते."

आई!

म्हणजे वर्षभराहून जास्त मी जे मोजत होते ते आईने निवडून आणलेलं होतं. तिला मासा निवडायला कोणी शिकवायला नको; बर्फातला ती घेतच नसे, म्हणून मला कधी कळलं नाही. पाहुण्यांसाठी म्हणून मोठ्यातला मोठा बघून घेतला असणार. ती गेल्यावर बाबा तिची पाटी घेऊन जायला लागले. आज पहिल्यांदा छातीत दुखलं. खरंच दुखलं.

तरी मी बोलले. "बाबा, हे आकडे बघून पट्टा खुला करतील. बारीक जाळी पडली की उरलीसुरली पिल्लंही जातील. खाडी संपेल."

"माज्यामुलं?"

"मला कळलं होतं, तरी मी लिहीत राहिले. दोघांमुळे."

मॅडमना आजच फोन करते म्हटलं. नको म्हणाले. "शबूद मी बैठकीन दिलेला. तितंच सांगू दे."

शनिवार, २० डिसेंबर

टोपलीत एक बोय, अठरा सेंटिमीटर. मॅडम गावाला गेल्यात, बैठकीलाच भेटतील. जे होतं तेच लिहिलं.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

उद्या बेलापूरला बैठक. बाबांनी पांढरा सदरा स्वतःच धुतला. पाच गावांसमोर ते उभे राहतील आणि लोक हसतील. हसतीलच. मला भीती वाटतेय. आकडे सुधारून मॅडमना आधीच ईमेल करावा, बाबांचं नाव येऊच देऊ नये, असं दहा वेळा मनात आलं. केलं नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

मॅडमचं बोलणं संपायच्या आत बाबा उभे राहिले. "माज्या टोपलीतला मासा इकतचा हाय. दीड वरीस झाला." कोणी हसलं नाही. मग पलीकडच्या बंदराची बाळाबाई उठली. "आमचाबी." मग सुभाषदादा, तिसऱ्या गावाचे. मग उरलेले दोघे, बसल्या जागेवरूनच.

प्रत्येकाला वाटत होतं, मासा फक्त आपल्याच बंदरावर नाही.

मॅडम खुर्चीत बसल्या. मग एक कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवून पाचही जणांना विचारलं, "मागच्या शनिवारी जाळ्यात काय होतं? जाळ्यात."

मी लिहिलं. शून्य. शून्य. दोन. शून्य. शून्य. शेवटच्या शून्याला मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर.